पाहुण्यांसमोरचं पाणी

नोकरीची सगळी वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं बोलण्यात घालवली. स्वतःचं मत मला कुणी विचारलं नाही, आणि ते सांगण्याचा पगारही मला मिळत नव्हता. मी दुभाषी होते. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी हे ऐकून विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही स्वतः असं काही करत नव्हता तर." मी म्हटलं, नाही हो, आपल्यासारखंच. तेव्हापासून ते लिफ्टमध्ये भेटले की मजल्यांचे आकडे बघत उभे राहतात.

आता दिवाळी अंकात स्वतःची वाक्यं लिहायला मिळतायत, तर आधी धंदा समजावून सांगते. आपल्याकडच्या पाणी, शाळा, दवाखाने, संडास अशा योजनांना बाहेरच्या देशांतल्या संस्था पैसा देतात. दिलेल्या पैशाचं झालं काय आणि पुढे द्यावा की नाही, हे बघायला त्या तीन-चार तज्ज्ञांची तुकडी पाठवतात. त्या तुकडीला 'मिशन' म्हणतात. मिशन इंग्रजी बोलतं, गाव मराठी बोलतं आणि दोघांच्या मध्ये, जरा मागे सरकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दुभाषी बसते.

या कामाचे नियम कडक असतात. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी' म्हणायचं. एका उपसरपंचांनी सांगितलं, पाणी गढूळ आलं की माझं पोट बिघडतं. मी ते इंग्रजीत तसंच म्हटलं आणि नवखे पाहुणे काळजीनं पिशवीतल्या गोळ्या काढून मलाच देऊ लागले. दुसरा नियम असा, की पदरचं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. तिसरा नियम कुठे लिहिलेला नाही, पण दुभाष्याला जेवण मिळत नाही. महत्त्वाचं बोलणं नेमकं जेवताना निघतं आणि तोंडात घास असताना भाषांतर होत नाही. पिठलं-भाकरीची कितीतरी ताटं माझ्यासमोर गार झालेली आहेत.

तज्ज्ञांचे शब्द हे आणखी एक प्रकरण. त्यांचा लाडका प्रश्न म्हणजे, ही योजना शाश्वत आहे का? पुरंदरकडच्या एका म्हाताऱ्यांनी त्यावर शांतपणे सांगितलं होतं, "शाश्वत एक देव. मोटार काय, दोन वर्सांत जळती." मी जसंच्या तसं सांगितलं. पुढे अहवालात ते 'स्थानिक श्रद्धा' या मथळ्याखाली छापून आलं. मोटार खरंच जळली तेव्हा तो अहवाल कुणी उघडला असेल असं मला वाटत नाही.

हसू येण्यासारखं असं पुष्कळ आहे. पण मला लिहायचंय ते एका दिवसाबद्दल. त्या दिवशी जे पाहिलं त्यानं मी थक्क झाले होते, आणि खरं सांगायचं तर अजून पुरती सावरलेली नाही.

गाव लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्ता सोडून आत. नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. तिथे पाणीयोजनेचा पहिला टप्पा पूर्ण झाला होता. विहीर, मोटार, देवळामागे उंच टाकी आणि गावठाणात नळ. पण गावाचा एक भाग वर माळावर होता आणि तो माळ टाकीपेक्षा उंच. पाणी काही कुणाच्या भिडेखातर चढावर जात नाही. त्यामुळे माळावरच्या वस्तीला टँकर यायचा, तोही आठवड्यातून दोनदा, मर्जी झाली तर. दुसऱ्या टप्प्यात माळावर वेगळी टाकी बांधून पाणी वर चढवायचं होतं. त्याला पैसा द्यायचा की नाही, एवढंच ठरवायला आमचं मिशन निघालं होतं.

मिशनचे प्रमुख लुकास नावाचे युरोपातले गृहस्थ होते, उंच, कमी बोलणारे आणि सरळ. आम्ही खराडीतल्या हॉटेलातून निघालो तेव्हा शेजारच्या काचेच्या टोलेजंग इमारतीच्या फाटकाशी टँकरची रांग लागली होती. त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, फ्लॅटवाल्यांचं पाणी. मग खेड्यांना टँकर कुठून जातो? मी म्हटलं, बहुधा हाच, इथला हिशेब आटोपल्यावर. ते बराच वेळ मागे वळून बघत राहिले.

दुसरी होती चिकोंदी. मलावी देशातली पाणी-अभियंता, चाळिशीची, अंगानं भक्कम, दोन मुलांची आई. गावातल्या बायकांनी पोचल्या पोचल्या तिचं नाव 'चिकूताई' करून टाकलं. चिकू हे गोड फळ असतं हे मी सांगितल्यावर तिनंही ते मान्य केलं.

गावानं स्वागत जोरदार केलं. वेशीपासून रांगोळ्या, डोक्यावर पाण्याचे भरलेले कलश घेतलेल्या बायकांची रांग, आणि देवळापुढच्या नळाला झेंडूची माळ. नळ धो धो वाहत होता. एक नाही, गावातले सगळेच. पाणी गटारातून ओघळत रस्त्यावर आलं होतं. एक गोष्ट मला जरा विचित्र वाटली. एरवी गोरा माणूस आला की पोरं त्याच्याभोवती गोळा होतात. इथे पोरं लुकासकडे बघतच नव्हती, ती नळाकडे बघत होती. चिकोंदीही पोरांकडे बघत होती.

सभामंडपात बैठक झाली. सरपंच होत्या शालनताई, खमक्या आणि बोलण्यात तयार. लुकासनी विचारलं, पाणी न मिळणारं एखादं घर आहे का? शालनताई म्हणाल्या, न्हाई साहेब, सगळं झकास हाय. मग माळावरच्या बायकांना विचारलं. कलश घेऊन उभ्या होत्या त्या याच बायका, आता भिंतीशी ओळीनं बसलेल्या. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या कौसाआत्यांनी पदर सावरला आणि सांगितलं, आमाला काय बी कमी न्हाई. लुकास समाधानानं हसले आणि त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. त्या ओळींचा अर्थ मला कळत होता. कमी नाही, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची गरज नाही.

इथे विकासाच्या धोरणातली एक गोम सांगायला हवी. ती मी खूप वर्षं दोन्ही भाषांत ऐकत आलेय आणि मला ती दोन्ही भाषांत पटलेली नाही. योजना नीट चालली तर म्हणतात, आता गरज उरली नाही. बंद पडली तर म्हणतात, यांची लायकी नाही. गावाला हे गणित कुणी समजावून सांगत नाही. गावाचा हिशेब आपला साधा असतो. मुलगी बघायला पाहुणे आले की गळकी बाजू आपण दाखवत नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलं चांगलं दाखवावं, पाहुणे खूष व्हावेत, म्हणजे सोयरीक पुढे सरकते. मूठ झाकली म्हणूनच माळाचं पाणी जाणार होतं. मी हे बघत होते आणि माझ्या खुर्चीला बोलायची परवानगी नव्हती.

जेवणं झाली. निघताना बायकांनी चिकोंदीला पाटावर बसवलं. लग्न झालेली बाई दारात आली आणि ओटी न भरता गेली, हे त्या गावात चालण्यासारखं नव्हतं. पण तिच्या अंगात पँट आणि खिशांचा सदरा, पदर आणायचा कुठून? शेवटी मी माझा स्कार्फ दिला, स्कूटरवर तोंडाला गुंडाळतो तो, पुण्याच्या बायकांचा राष्ट्रीय पोशाख. त्या स्कार्फमध्ये कौसाआत्यांनी तांदूळ, नारळ, हळकुंड आणि खण घालून चिकोंदीची ओटी भरली.

तिनं मला विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, आता तुम्ही पाहुण्या राहिला नाहीत, या गावच्या लेक झालात.

तिनं स्कार्फची गाठ घट्ट मारली. मग तिनं मला विचारायला सांगितलं, की लेक माहेरी आली की काय करते? बायका हसल्या. कौसाआत्या म्हणाल्या, "दोन दिस बसून खाती. मग उटती आन् हंडा उचलती."

"मग मला हंडा द्या," चिकोंदी म्हणाली.

सगळ्यांना मोठी गंमत वाटली. कुणीतरी लखलखीत हंडा आणला आणि तिला झेंडूच्या माळेच्या नळाकडे नेऊ लागलं. तिनं मान हलवली. कौसाआत्यांकडे बोट करून ती म्हणाली, इथून नाही, या आपल्या घरचं पाणी जिथून भरतात तिथून. मी ते मराठीत सांगितलं आणि हसणं थांबलं. कुणी काही बोलायच्या आत ती हंडा काखेला लावून माळाच्या वाटेला लागली होती. हंडा कसा धरायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

ऊन मरणाचं होतं. कौसाआत्या आणि चार-पाच बायका तिच्यामागे, त्यांच्यामागे मी. वर पोचलो तर वस्तीच्या मधोमध टँकरचं पाणी साठवायची सिमेंटची टाकी. आत कोरडा तळ, त्यावर एक प्लास्टिकचा मग आडवा पडलेला. चिकोंदीनं वाकून आत हात फिरवला आणि हाताला लागलेली धूळ बघितली.

कौसाआत्या घरात गेल्या आणि तांब्या भरून पाणी घेऊन आल्या. उन्हातनं आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, टाकीचं काय ते मग. चिकोंदीनं तांब्यात पाहिलं आणि मला म्हणाली, घरात किती उरलंय ते विचार. मी विचारलं.

कौसाआत्या म्हणाल्या, "लेकीला पानी दिल्यानं कमी पडत न्हाई. पी तू."

चिकोंदी प्यायली, सगळा तांब्या. मग शेजारच्या एका सुनेनं, खाली मान घालून, खरं काय ते सांगितलं. आदल्या दिवशी माळाचा टँकर आला होता. तो इथे रिकामा केलाच नाही. सगळे नळ एकदम सोडायला विहिरीचं पाणी पुरत नाही, म्हणून तो खाली गावच्या टाकीत ओतला, म्हणजे पाहुण्यांसमोर सगळ्या नळांना धार दिसेल. पुढचा टँकर कधी येईल ते ठाऊक नाही.

मी विचारलं नव्हतं, पण कौसाआत्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, जोर कुणी केला नाही, आमीच व्हय म्हनलो, गावाची शोभा हाय.

मला ते इंग्रजीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. या बायकांनी घरचं पाणी देऊन टाकलं, त्याच पाण्याचे कलश डोक्यावर घेऊन उन्हात आमची वाट बघितली, त्याच पाण्याला गटारात जाताना बघितलं, आणि भिंतीला टेकून सांगितलं, आम्हाला काही कमी नाही. त्यात आपण काही विशेष केलं असं त्यांच्या गावीही नव्हतं. मोठ्या हॉटेलांच्या गार खोल्यांतून देशांनी देशांना दिलेली वचनं मी ऐकलेली आहेत, त्यांची भाषांतरंही केलेली आहेत. इतकं कुणी दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शालनताई धापा टाकत वर आल्या. काय झालंय ते त्यांना बघताक्षणी कळलं. त्यांनी माझा हात धरला. "बाई, हे इंग्रजीत सांगू नका. आपली योजना जाईल."

त्यांची भीती खोटी नव्हती. देखावा उभा केला असं आढळलं की त्या योजनेवर फुली पडते, आणि लुकासनी अशी फुली दुसरीकडे मारलेली मला माहीत होती. पण माझ्यासमोर बोललेलं प्रत्येक वाक्य पलीकडे पोचवायचं, यात 'हे सोडून' असं काही नसतं. मी चिकोंदीकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, बाई, हे इंग्रजीत सांगू नका, आपली योजना जाईल. शालनताईंना शब्द कळले नाहीत, पण मी सांगून टाकलं हे कळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या ताठ उभ्या राहिल्या.

"सांगितलंसाच, तर हेबी सांगा," त्या म्हणाल्या. "करनी माजी हाय. माजं नाव लिवा. पर माळाचं पानी तोडू नका."

तेही मी सांगितलं. चिकोंदी टाकीच्या कठड्यावर बसली आणि बोलू लागली, सावकाश, मला वेळ देत. तिच्या आईच्या गावात ती लहान असताना असेच साहेब आले होते. बायकांनी पहाटे नदीवर जाऊन पिंपं भरून ठेवली होती, कारण पाहुण्यांसमोर रिकामी पिंपं ठेवायची लाज वाटली. साहेबांनी भरलेली पिंपं बघितली, आनंदानं जेवले आणि गेले. "मी त्यानंतर शिकले, अभियंता झाले, इतके देश फिरले," ती म्हणाली. "माझ्या आईच्या गावात नळ अजून नाही. आज खाली पोरं नळाकडे बघत होती तेव्हाच मला कळलं होतं. पण पाहुणीला कोण सांगणार?"

कौसाआत्यांनी पुढे होऊन तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

लुकास वर आले तेव्हा घामानं भिजले होते. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं आणि खालचा प्रश्न पुन्हा विचारला, पाणी न मिळणारं घर आहे का? मी मराठीत विचारलं. बायकांनी एकमेकींकडे आणि मग चिकोंदीकडे बघितलं.

"पानी न्हाई," कौसाआत्या म्हणाल्या.

माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्याही मिशनला इतकं छोटं आणि इतकं खरं उत्तर मिळालेलं मी ऐकलं नव्हतं. मीही त्यात काही घातलं नाही.

परतताना गाडीत त्या दोघांचं इंग्रजीतच वाजलं, त्यामुळे मी पहिल्यांदा प्रवासात रिकामी होते. लुकास म्हणत होते की हा देखावा आहे, नियम स्पष्ट आहे. चिकोंदीचं म्हणणं असं, की आपण पाहुणे होऊन विचारलं म्हणून पाहुण्याला द्यायचं उत्तर मिळालं, याला फसवणूक नाही, पाहुणचार म्हणतात. ते म्हणाले, अहवालात पाहुणचार लिहायला जागा नाही. ती म्हणाली, मग त्या अहवालात माझ्या सहीलाही जागा नाही. हडपसर येईपर्यंत लुकास खिडकीबाहेर बघत होते. वाटेत दोन टँकर आम्हाला ओलांडून शहराकडे गेले. मग ते म्हणाले, गरज आहे असं मी लिहीन. माणूस सरळ होता हे मी आधी लिहिलंच आहे.

शालनताईंनी दुसऱ्या दिवशी उजाडताच माळावर टँकर नेला, टाकी भरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत, असं मला मागाहून कळलं.

टप्पा मंजूर व्हायला आणि प्रत्यक्षात उतरायला जो काळ गेला, त्यात माळावरच्या पोरींची लग्नं होऊन त्या बाळंतपणाला परत आल्या. मधेच पैसा देणाऱ्यांकडून निरोप आला की तुमचा देश आता पुरेसा श्रीमंत झाला, यापुढे नव्या योजना नाहीत. काचेच्या इमारती मोजल्या असतील, माळ मोजायचे राहिले. आमचं गाव आधी मंजूर होतं म्हणून तरलं. त्याच्या मागे रांगेत असलेल्या शेजारच्या गावाचं काही झालं नाही. तिथल्या बैठकीतही मी होते, आणि तिथल्या बायकांनीही सांगितलं होतं की काही कमी नाही. त्यांच्याकडे ओटी भरून घ्यायला कुणी चिकोंदी गेली नव्हती. हे मला अजून लागतं.

माळावर पाणी आलं त्या दिवशी मी निवृत्त झालेली होते. स्वतःच्या खर्चानं, बसनं गेले आणि पहिल्यांदा त्या गावात गरम जेवले. चढावर आमची सगळी वरात नव्या टाकीशी उभी राहिली. शालनताईंनी मला फोनवरून चिकोंदीला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं, लेकीशिवाय नळ सोडायचा नाही म्हणाल्या. ती आपल्या देशात, कचेरीतल्या खुर्चीवर, मागे पंखा फिरतोय. मी फोन नळासमोर धरला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग लाल गढूळ पाणी आलं, मग नितळ. बायका नुसत्या बघत राहिल्या, आणि पलीकडे तीही.

हंडा भरला. कौसाआत्यांनी ओंजळ भरून पाणी डोळ्यांना लावलं आणि माझ्या हातातला फोन आपल्याकडे वळवला. पोरी, तुझ्या आईच्या गावाला आलं का गं पानी?

चिकोंदीला प्रश्न सांगितला. ती म्हणाली, अजून नाही.

मी ते मराठीत सांगितल्यावर बायका आपसात काहीतरी बोलल्या, हळू, मला ऐकू न येईल इतपत. मग कौसाआत्या फोनशी तोंड नेऊन म्हणाल्या, "तितं कुनाला सांगायचं असतंय ते सांग. आमी येतो. चार बाया गेल्या की ऐकत्यात."

माळापलीकडचं तालुक्याचं गावही त्यांच्यातल्या निम्म्यांनी धड पाहिलेलं नव्हतं. मी एकेक शब्द जपून पोचवला. चिकोंदीनं डोळे पुसले आणि हसून मला म्हणाली, विचार त्यांना, किती जणी येणार?

मी मराठीत विचारायला तोंड उघडलं. तिचं हसू बघूनच सगळ्यांचे हात वर गेले होते, ओले.